ऊसपट्ट्यात बिबट्याविषयी जनजागृतीची शॉर्ट फिल्म करायची आहे. कोणता कॅमेरा घ्यावा आणि गोष्ट कशी रंगवावी?

कॅमेऱ्याचं शेवटी सांगतो. आधी 'रंगवावी' याबद्दल, कारण बिबट्याच्या गोष्टी रंगवून रंगवून जुन्नर-शिरूर-संगमनेर पट्ट्याचं आधीच पुष्कळ नुकसान झालं आहे.

रंगवलेली फिल्म ठरलेली असते. काळोख, ढोल, उसातून चमकणारे डोळे आणि वरून चिकटवलेली वाघाची डरकाळी. बिबट्या असा ओरडत नाही. त्याचा आवाज लाकडावर करवत ओढल्यासारखा, खरखरीत आणि तुटक असतो. ज्याच्या वस्तीमागून तो रोज रात्री जातो त्याला हा आवाज पाठ असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याला कळतं की फिल्मवाल्याने बिबट्या कधी ऐकलेला नाही, आणि पुढचं तो ऐकून घेत नाही. बाकीचे घाबरतात. घाबरलेलं गाव एकच मागतं: पिंजरा लावा आणि दुसरीकडे नेऊन सोडा. 2001 पासून जुन्नर विभागात हे मोठ्या प्रमाणावर करून झालं आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते पकडून-सोडणं सुरू झाल्यावर 17 वर गेले. पकडताना बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं की तिथल्या लोकांना त्रास होतो, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो. म्हणून पिंजऱ्याची मागणी वाढवणारी फिल्म मी संवर्धनाची मानत नाही, शेवटी कितीही झाडं लावा म्हटलं तरी.

'भीती दाखवल्याशिवाय लोक बघत नाहीत' हा वाद जुना आहे. त्याला माझं उत्तर म्हणजे हरवलेल्या पिल्लांच्या आणि आईच्या भेटीचा व्हिडिओ. ते दृश्य या पट्ट्यात लोक आवडीने बघतात आणि त्यात एकही डरकाळी नाही. अडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, पाणी असतं, वर्दळ नसते, म्हणून मादी तिथेच विते. दिवाळीच्या आसपास तोड सुरू झाली की टोळीला फडात पिल्लं सापडतात. वनविभाग पिल्लं ताब्यात घेतो, जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट्या निवारा केंद्राचे किंवा जवळचे डॉक्टर तपासतात, आणि अंधार पडायच्या सुमाराला पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात.

हे टिपणं सोपं वाटतं, पण बिघडतं अनेक ठिकाणी. कॅमेरा ट्रॅप (जनावर समोर आलं की आपोआप चालू होणारा कॅमेरा) लावायला परवानगी लागते आणि तो वनविभागाच्या लोकांबरोबरच लावायचा. क्रेटपासून 3-4 मीटरवर, जमिनीपासून 40-45 सेंमी उंचीवर. दोन कॅमेरे असतील तर तिरपे ठेवा. समोरासमोर ठेवले तर एकाच्या इन्फ्रारेडने दुसऱ्याची फ्रेम पांढरी होते. इन्फ्रारेड 940 नॅनोमीटरचं घ्या. 850 मध्ये मंद लाल ठिपका दिसतो, आणि आधीच सावध असलेली मादी तेवढ्याने मागे फिरू शकते. सेन्सरसमोरची उसाची पानं आणि पाचट हात-दोन हात साफ करा, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पानांनीच कार्ड भरेल. क्लिप 20-30 सेकंदांची आणि मधलं अंतर कमीत कमी. मादी पिल्लू उचलून काही क्षणांत दिसेनाशी होते, आणि मोठं अंतर ठेवलं तर दुसरं पिल्लू उचलतानाचा क्षण हातून जातो. बॅटऱ्या नव्या, शक्यतो लिथियम. थंडीत साध्या लवकर मान टाकतात. तारीख-वेळ आधीच तपासा. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी जमीन तापलेली असते. जनावराच्या आणि आजूबाजूच्या तापमानात फरक उरत नाही, सेन्सर चुकतो, म्हणून तेव्हा रेकॉर्डिंगच्या भरवशावर राहू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेरा लावला की निघून जा. झाडावर बसून, गाडीत बसून, मोबाईलचा टॉर्च मारून पाहणारे लोक हेच भेट फसण्याचं मोठं कारण असतं. पिल्लू मांडीवर घेतलेला फोटो फिल्ममध्ये अजिबात नको. तो पाहून पुढच्या फडात पिल्लू उचललं जातं.

आता हा व्हिडिओ कोणासाठी? पुण्यातल्या प्रेक्षकाच्या डोळ्यात पाणी आलं तरी फडात काही बदलत नाही. पहिला प्रेक्षक कोयता हातात असलेला माणूस आहे, आणि त्याला चारच गोष्टी दाखवायच्या. पिल्लू दिसलं की त्या सरीतली तोड थांबवा आणि मागे या. हात लावू नका. मुकादमाला सांगा आणि 1926 वर फोन करा. कोपीजवळची (टोळीच्या झोपडीजवळची) पोरं त्या बाजूला जाऊ देऊ नका. पुढे जागा उरली तर रात्री परसाकडला एकट्याने न जाणं (खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो), शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी. बस. सहा मिनिटांत हे मावतं. जैवविविधता, अन्नसाखळी वगैरे काढून टाका.

आवाज गावातलाच घ्या. बीडची टोळी असेल तर तिथल्याच मुकादमाला बोलू द्या. अकोल्याकडे (संगमनेरशेजारचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) महादेव कोळ्यांची वाघबारस आहे, वाघोबाची ठाणी आहेत. त्या भागात सुरुवात तिथून करा, कारण या जनावराबरोबर राहायचं कसं हे तिथल्या म्हाताऱ्यांना निवेदकापेक्षा जास्त माहीत आहे. अकोल्याच्याच शेतीपट्ट्यात कॅमेरा ट्रॅपने केलेल्या अभ्यासात 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास 5 प्रौढ बिबटे निघाले होते, तेही जंगल नसताना.

दाखवायचं कोपीवर जाऊन. टोळी पहाटे अंधारात उठते, म्हणून संध्याकाळी सातच्या आत सुरू करा. आठ वाजता निम्मे झोपलेले असतात. 3000 ल्युमेनचा प्रोजेक्टर, पांढरी चादर, इन्व्हर्टर सोबत. पडदा दिसला नाही तरी चालेल, आवाज ऐकू आला पाहिजे, म्हणून स्पीकर चांगला न्या. फिल्म संपल्यावर उभी फ्रेम असलेली छोटी फाईल मुकादमाच्या मोबाईलवर टाका. तीच पुढच्या फडावर पोचते. फाईलमधलं जीपीएस काढा आणि शेताची ओळख पटेल असा विजेचा खांब, पाटी, विहीर कापून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी बघ्यांच्या गाड्या येतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ज्या गावात नुकताच माणूस गेला आहे, विशेषतः लहान मूल, तिथे यातलं काहीही दाखवू नका. तिथे पिंजऱ्याची मागणी चूक म्हणायचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही, मलाही नाही. माणसांवर सारखे हल्ले करणारं जनावर पकडावंच लागतं. वरचं सगळं रोजच्या, हल्ला न करणाऱ्या बिबट्यांबद्दल आहे. अशा गावात जायचंच तर भरपाईचा अर्ज, पंचनामा आणि मेलेलं जनावर पंचनाम्याआधी न हलवणं एवढीच माहिती घेऊन जा.

कॅमेरा: मुलाखतींना तुमचा मोबाईल पुरेल. पैसे कॉलर माइकवर घाला, फडात वारा असतो आणि मोबाईलच्या माइकमध्ये फक्त पाचटाची सळसळ येते. रात्रीसाठी दोन कॅमेरा ट्रॅप घ्या. ड्रोन घेऊ नका.