अडीच टीबीचा ओरॅकल डेटाबेस क्लाउडवर न्यायचा आहे. तीन विक्रेते तीन पद्धती सांगतात, कोणती निवडावी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बुटीबोरीचा कारखाना, ईआरपीखाली (कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) ओरॅकल ११जी, मशीन आयबीएमचं आणि त्यावर एआयएक्स (आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टिम), डेटा अडीच टीबी, लाइन १०० एमबीपीएस. एक विक्रेता म्हणतो बॅकअप घेऊन तिकडे रिस्टोअर करू. दुसरा म्हणतो डम्प (डेटा फाइलीत उतरवून) काढून तिकडे चढवू. तिसरा म्हणतो एक मिनिटही बंद न ठेवता नेऊन देतो. आणि तिघांपैकी एकानेही अजून कारखान्यात पाऊल ठेवलेलं नाही, हेही तुम्हीच लिहिलंय.

पहिल्याला आजच नाही म्हणून टाका. एआयएक्स ज्या पॉवर प्रोसेसरवर चालतं तिथे आकड्यातला मोठा बाइट आधी लिहिला जातो. क्लाउडमधल्या नेहमीच्या इंटेल-लिनक्स मशीनवर लहान बाइट आधी. याला एंडियन म्हणतात. आरमॅनचा (ओरॅकलचं बॅकअपचं साधन) अख्ख्या डेटाबेसचा बॅकअप ही सीमा ओलांडून रिस्टोअर होत नाही आणि डेटा गार्डचा फिजिकल स्टँडबायही (मूळ डेटाबेसची सतत ताजी राहणारी हुबेहूब प्रत) तिकडे उभा राहत नाही. लिनक्सवरून लिनक्सवर जायचं असतं तर मी स्वतः हेच सुचवलं असतं: तिकडे स्टँडबाय उभा करा, दोन आठवडे चालू द्या, एका रात्री स्विचओव्हर करा. यात कटकट सगळ्यात कमी. पण तुमच्या मशीनवर ते जमत नाही, आणि हे पहिल्या भेटीत न विचारणाऱ्या माणसाच्या हाती मी तर डेटाबेस दिला नसता.

उरले दोघं. आता निवड करायची ती डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) विचारून नाही, वजनकाट्यावरच्या माणसाला विचारून.

हे मी पोळून शिकलो. हिंगण्याकडचा एक कारखाना होता. ऑफिसात सगळ्यांनी सांगितलं, रविवारी सगळं बंद असतं. म्हणजे शनिवारी रात्री १० ते सोमवारी सकाळी ६, असे ३२ तास हातात. आम्ही डम्पची पद्धत घेतली. डम्प वेळेत निघाला, वेळेत पोचला, रविवारी दुपारपर्यंत टेबलं चढली, आम्ही चहा मागवला. मग इंडेक्स (टेबलातली नोंद पटकन शोधून देणारी सूची) सुरू झाले. डम्पमध्ये इंडेक्सची फक्त व्याख्या असते, तो तिकडे नव्याने बांधावा लागतो, आणि सराव करताना आम्ही शहाणपणा करून मोठी चार टेबलं वगळली होती. सोमवारी पहाटे ४ वाजता बांधकाम चालूच. इकडे गेटवर कोळशाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, कारण काट्याचं सॉफ्टवेअर त्याच डेटाबेसला जोडलेलं होतं. काट्यावरचे काका रविवार सकाळपासून वहीत वजनं लिहून राहिले होते. मला म्हणाले, "साहेब, गाडी तं रविवारले बी येते. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं."

तेव्हापासून मी आधी गेटवर जातो. काटा, डिस्पॅच, स्टोअर, पगार, लेखा, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: किती तास वहीवर भागेल? लेखावाले म्हणतील ११ आणि २० तारखेच्या आसपास नको, जीएसटीचे रिटर्न असतात. मार्चअखेर तर विचारूच नका. डिस्पॅचवाला सांगेल की ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही, म्हणजे त्याची वही काही तासांतच संपते. आपल्याकडे सलग मोकळा वेळ दोनदाच मिळतो, एक पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत मिळून, आणि दुसरा लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत. तुमच्याकडे दिवाळीत भट्टी बंद ठेवतात का ते पाहा.

हे तास कळले की गणित मांडायचं. अडीच टीबी म्हणजे २० लाख कोटी बिट. १०० एमबीपीएसवर एक सेकंदही न थांबता पाठवले तर साडेपंचावन्न तास, आणि लाइन ७० टक्के मिळाली तर ७९ तास. कुठल्याच रविवारात बसत नाही. पण डम्प अडीच टीबीचा होणार नाही. त्यातले इंडेक्स आणि फाइलींमधली मोकळी जागा वजा होते, उरलेला डम्प जीझिपने दाबता येतो. (डेटा पंप म्हणजे डम्प काढायचं ओरॅकलचं साधन, त्याची स्वतःची डेटा दाबण्याची सोय वापरायला ॲडव्हान्स्ड कॉम्प्रेशनचं वेगळं लायसन्स लागतं. विक्रेता बिनधास्त वापरतो, ऑडिट मात्र तुमचं होतं.) समजा दाबून ५०० जीबी झाला, तर त्याच ७० टक्के लाइनवर सुमारे १६ तास. त्यात डम्प काढण्याचे, चढवण्याचे आणि इंडेक्स बांधण्याचे तास मिळवा. हे तास कागदावर काढू नका, सगळी टेबलं घेऊन एकदा खरोखर करून पाहा.

एवढा वेळ दिवाळीत बसत असेल, तर दुसऱ्या विक्रेत्याची पद्धत साधी आहे म्हणूनच चांगली आहे. ११जीतून थेट १९सीमध्ये चढवता येतं, फाइलींमधला जुना विस्कळीतपणा आपोआप जातो, आणि फसलं तर जुनं मशीन जागेवर असतं.

तिसऱ्याच्या पद्धतीत गोल्डनगेटसारखं साधन चालू डेटाबेसचे रीडो लॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) वाचून प्रत्येक बदल तिकडे करत राहतं. काम उत्तम करतं. पण "एक मिनिटही बंद नाही" हे विक्रीचं वाक्य आहे. शेवटी कधीतरी ईआरपी थांबवून उरलेले बदल वाहू द्यावे लागतात, दोन्हीकडच्या ओळी मोजाव्या लागतात, जोडणी फिरवावी लागते. तास-दोन तास धराच. त्याला हे विचारा: प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसलेल्या टेबलांचं काय करणार? तिकडचे ट्रिगर (नोंद होताच आपोआप चालणारा कोड) बंद ठेवणार ना, नाहीतर तीच नोंद दोनदा होईल? सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारी सोय) पुढे सरकवण्याची यादी कोण करणार? ते राहिलं तर सोमवारचं पहिलंच बिल जुना क्रमांक घेऊन डुप्लिकेटच्या चुकीवर आपटतं. तो ॲमेझॉनची डीएमएस (डेटाबेस नेण्याची सेवा) वापरणार असेल तर दुय्यम इंडेक्स, सीक्वेन्स, प्रोसिजर, ट्रिगर ती आपल्याआप नेत नाही, ते वेगळं न्यावं लागतं. शिवाय तिच्या मर्यादित एलओबी (मोठा मजकूर, फाइली ठेवणारे कॉलम) मोडमध्ये ठरवलेल्या आकारापेक्षा मोठा मजकूर कापला जातो आणि सूचना फक्त लॉगमध्ये येते. तुमच्या ड्रॉइंगच्या फाइली डेटाबेसमध्येच असतील तर हे आधी तपासा.

आता तिघांनीही न सांगितलेली चौथी पद्धत, आणि तुमच्या वर्णनावरून मला तीच जास्त पटते. ट्रान्सपोर्टेबल टेबलस्पेस (टेबलस्पेस म्हणजे डेटाफाइलींचा गट), इन्क्रिमेंटल बॅकअपसह. कारखाना चालू असतानाच डेटाफाइली एकदा तिकडे न्यायच्या, मग ७९ तास लागोत की १००, कोणाला फरक पडत नाही. आरमॅन एंडियनचं रूपांतर करून देतो. पुढे रोज रात्री फक्त बदललेले ब्लॉक पाठवून तिकडच्या फाइली ताज्या ठेवायच्या. ठरल्या रात्री टेबलस्पेस रीड-ओन्ली करायच्या, शेवटचा इन्क्रिमेंट लावायचा, मेटाडेटा (टेबलं-इंडेक्सच्या व्याख्या) चढवायचा. इंडेक्स फाइलींसोबतच येतात, बांधत बसावं लागत नाही. बंद राहण्याचा वेळ डेटाच्या आकारावर नाही, शेवटच्या दिवसाच्या बदलांवर आणि ऑब्जेक्टच्या (टेबलं, इंडेक्स वगैरे) संख्येवर ठरतो. ईआरपीत ऑब्जेक्ट ढीगभर असतात, त्यामुळे मेटाडेटालाच काही तास जाऊ शकतात. अट दोन: एंटरप्राइझ एडिशन हवी, आणि दोन्हीकडचा कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) जुळणारा हवा.

या दुसऱ्या अटीवर जरा थांबतो, कारण महाराष्ट्रात इथेच खड्डा असतो. एनएलएस_कॅरॅक्टरसेट (डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट सांगणारी सेटिंग) काय आहे ते आजच पाहा. मग कामगारांच्या मास्टर टेबलात जाऊन मराठी नावं कशी साठवली आहेत ते उघड्या डोळ्यांनी बघा. जुन्या ईआरपीत ती कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली असतात. म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने ती मराठी नाहीतच, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, त्यावर फॉन्ट चढवला की "पांडुरंग" दिसतो. डेटाबेस यूएस७अस्की (सात बिटांचा, इंग्रजीपुरता कॅरॅक्टर सेट) असेल आणि क्लायंटही तसाच लावलेला असेल, तर आठव्या बिटाची चिन्हं आजवर कोणी न तपासता आत-बाहेर गेली आहेत. हा डम्प यूटीएफ-८च्या (युनिकोड साठवायची पद्धत) डेटाबेसमध्ये चढवला की रूपांतर होतं आणि त्या चिन्हांच्या जागी भलतंच काहीतरी बसतं. मी पाहिलेल्या एका ठिकाणी पगाराच्या स्लिपवर अर्ध्या लोकांच्या नावात प्रश्नचिन्हं आली होती. पगार बरोबर होता, पण स्लिप हातात घेऊन माणसं एचआरच्या दारात उभी, "मी कोण आहे तेच लिहिलं नाही" म्हणत.

बरं, नावं खऱ्या युनिकोडमध्ये नेली तरी देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं. "पांडुरंग" मध्ये काना, अनुस्वार, उकार धरून ८ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. कॉलम २० बाइटचा असेल तर पांडुरंगाला तिथे जागा नाही. म्हणून घर आणि लिपी एकाच रात्री बदलू नका. तिकडे तोच कॅरॅक्टर सेट ठेवून आधी जा, युनिकोडचं काम ओरॅकलच्या डीएमयू साधनाने आधी स्कॅन करून, नंतर निवांत करा. क्लाउडमधली जी सेवा तुम्हाला कॅरॅक्टर सेट निवडू देत नाही, ती या टप्प्याला घेऊ नका.

परतीचा रस्ता विक्रेत्याकडून लिहून घ्या. नव्या डेटाबेसवर पहिलं बिल फाटलं की जुन्या मशीनवर परतणं म्हणजे ती बिलं हाताने पुन्हा टाकणं. परत फिरायचं असेल तर किती वाजेपर्यंत, आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, हे दिवाळीच्या आधी ठरलेलं असावं. त्या रात्री फोनवर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि ॲप्लिकेशन सर्व्हर बुटीबोरीत ठेवून फक्त डेटाबेस पाठवू नका. ॲमेझॉन आणि ओरॅकल दोघांचीही केंद्रं मुंबई आणि हैदराबादला आहेत, जवळची वाटली तरी प्रत्येक क्वेरीला जाऊन-येऊन वेळ लागतोच. तो १५ मिलिसेकंद धरला, तर २०,००० छोट्या क्वेरी टाकणारा स्टॉकचा रिपोर्ट नुसत्या ये-जा करण्यात ५ मिनिटं खातो. दोघांना सोबतच न्या.

तर, काट्यावर आणि डिस्पॅचवर ८-१० तास वहीवर निभत असतील तर चौथी पद्धत. दिवाळीत सलग दोन-अडीच दिवस मिळत असतील आणि पूर्ण सरावाचे तास त्यात बसत असतील तर डम्प, डोक्याला ताप नाही. दोन तासांच्या वर कोणी देतच नसेल तरच तिसरा विक्रेता, वरच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या लेटरहेडवर घेऊन. सराव मे महिन्यात मात्र ठेवू नका. ४५ अंशांत जुन्या मशीनवर रात्रंदिवस बॅकअप चालवला आणि सर्व्हर रूमचा एसी बसला, तर नेण्यासारखं काही उरणार नाही.

एंटरप्राइझ एडिशन आहे का, कॅरॅक्टर सेट कोणता आणि काट्यावरच्या माणसाने किती तास सांगितले, एवढं कळवा. लाइन महिनाभर वाढवून घ्यायची की नाही, ते त्यावरून सांगतो.