१९२३ की १९२७?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा होती. ‘मुंबईत रेडिओ कधी सुरू झाला?’ या प्रश्नाला एक गट १९२३ म्हणाला, दुसरा १९२७. परीक्षकांनी १९२७ ला गुण दिले. वाद अजून धुमसतोय. खरं काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गुण दोघांनाही द्या आणि प्रश्न काढणाऱ्याचे कापा. ‘सुरू केला कोणी’ हे विचारल्याशिवाय साल सांगता येत नाही.

जून १९२३ मध्ये प्रक्षेपण केलं ते बॉम्बे रेडिओ क्लबने. ही हौशी मंडळी. परीक्षकांच्या डोक्यात होती ती २३ जुलै १९२७ ही तारीख. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. आणि कुणी १९२१ म्हणालं असतं, तर त्यालाही हाकलता आलं नसतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये टाइम्सच्या कचेरीतून संगीताचा कार्यक्रम सोडला होता आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. अर्थात, गव्हर्नरसाहेबांच्या फर्माइशीला सार्वजनिक रेडिओ म्हणायला मी तयार नाही.

कंपनीची गंमत पुढेच आहे. ट्रान्समीटर दीड किलोवॉटचा. साध्या क्रिस्टल सेटवर, म्हणजे विजेशिवाय, कानाला हेडफोन लावून ऐकायच्या रेडिओवर, जेमतेम ४८ किलोमीटरपर्यंत ऐकू येणार. म्हणजे तुमच्या डोंबिवलीपर्यंत ठीक, कर्जतकरांनी कान लावून बसावं. रेडिओ ठेवायला तेव्हा लायसन लागायचं; ते वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीला. १९३० पर्यंत सगळ्या देशात आठ हजारही लायसनं झाली नव्हती. आता करा हिशोब : वर्षाला चौसष्ट हजारांच्या आत, आणि त्यात मुंबई-कलकत्ता दोन्ही केंद्रं चालवायची. मार्च १९३० मध्ये कंपनी बुडाली, एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला.

महागडे सेट हे एक कारण, पण लायसन चुकवून ऐकणारेही होतेच. ती खोड पुढेही गेली नाही. लॅमिंग्टन रोडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पोस्टात पैसे भरायचे, लायसनच्या पुस्तकात तिकीट चिकटवून वर शिक्का मारून घ्यायचा, अशी रीत. सेट सोडायला आलेलं गिऱ्हाईक पिशवीतून रेडिओ बाहेर काढायच्या आधी हळूच विचारायचं, ‘काका, लायसन दाखवावं लागेल का हो?’ पुस्तक नसलेल्यांचे सेट मी दुपारच्या वेळात, शटर अर्धं ओढून उघडायचो.