आपले प्रश्न : पहिली दुर्बीण घेताना

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तिला आकाश बघायचा नाद लागलाय. खर्च दहा हजारांपर्यंत धरलाय, अगदीच गरज पडली तर वीस. ‘५२५ पट’ असं लिहिलेली ६० मिमीची दुर्बीण स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? घराला गच्ची आहे.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ती घेऊ नका. ५२५ आकडा कसा येतो बघा. नळीचं फोकल अंतर (भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी, त्याला ४ मिमीच्या नेत्रिकेनं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या फोकल अंतरानं, भागलं की १७५, वर तीनपट बार्लो (पट वाढवणारं जादा भिंग) लावला की ५२५. गणित बरोबर आहे, पण भिंगाला ते पेलत नाही. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटीपर्यंतच चित्र टिकतं. ६० मिमीला हे १२० झाले. त्यापुढं शनी मोठा होतो खरा, पण पुसट. शिवाय पृथ्वी फिरत असल्यानं काही सेकंदांत नजरेआड होतो. शनीचं कडं एरवी ३०-४० पटीलाही ओळखू येतं. म्हणून पैसे मोजायचे ते व्यासासाठी आणि स्टँडसाठी.

वीस हजारांच्या आसपास जमलं तर १३० मिमी आरशाची, ६५० मिमी फोकल अंतराची, टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) शोधा. ६० मिमीच्या चौपटीहून जास्त प्रकाश ती गोळा करते. सोबतच्या २५ मिमी नेत्रिकेनं २६ पट मिळतात, १० मिमीनं ६५. चंद्रावरची विवरं, गुरूचे पट्टे आणि चार चंद्र, मृगातला तेजोमेघ, कृत्तिका यांना एवढं पुष्कळ झालं. तेजोमेघ मात्र राखाडी धुक्यासारखा दिसेल, फोटोतले रंग डोळ्याला दिसत नाहीत. हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री हिरमोड होईल.

ही दुर्बीण प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवू नका, थरथरते. जुनी लाकडी घडवंची असेल तर ती उत्तम. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, त्याची ऊब वर येत राहते आणि ग्रह पाण्यात पडल्यासारखे हलतात. शक्यतो अंगणात किंवा मातीवर मांडा. गच्चीच हवी असेल तर रात्री दहानंतर बघा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवायची, म्हणजे आरसा हवेइतका गार होतो.

दहा हजारांतच बसवायचं तर ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी फोकल अंतराची भिंगाची दुर्बीण चालेल, पण स्टँड तपासून घ्या. नळीला टिचकी मारल्यावर चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिरावलं पाहिजे. त्याहून कमी खर्च करायचा असेल तर १०×५० ची (१० पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण घ्या. तुमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या अंधारात ती हलक्या प्रतीच्या दुर्बिणीपेक्षा जास्त आनंद देते. आपण दक्षिणेला असल्याचा फायदाही आहे. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथून दक्षिण क्षितिजाच्या सुमारे २७ अंश वर येतो, पुण्याहून दिसतो त्यापेक्षा थोडा उंच. एप्रिलअखेर रात्री अकरा-साडेअकराला बघा, वळवाचे ढग नसतील तेव्हा.

प्रश्न : शाळेसाठी ११४ मिमीची दुर्बीण इक्वेटोरियल (ताऱ्यांच्या फिरण्यामागून दुर्बीण वळवता येणाऱ्या) स्टँडसह घेतली. समतोलाच्या वजनाचा दांडा स्टँडच्या पायावर आपटतो. चित्रही स्वच्छ येत नाही.
– एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : दांड्याची अडचण आपल्या अक्षांशामुळं आहे. निपाणी सुमारे १६ अंशांवर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. स्टँडचा ध्रुव-अक्ष, म्हणजे ध्रुवताऱ्याकडं रोखायचा अक्ष, जवळजवळ आडवा ठेवावा लागतो, मग वजनाचा दांडा उत्तरेच्या बाजूला खाली येऊन पायाला लागतो. तिपाई अशी फिरवा की एक पाय बरोबर दक्षिणेला येईल आणि उत्तरेकडं दोन पायांमधली मोकळी जागा राहील. दांडा तिथून निघून जातो.

चित्रासाठी आधी टेप घेऊन नळीची लांबी मोजा. नळीवर फोकल अंतर १००० मिमी लिहिलंय आणि नळी मात्र अर्धा मीटरच भरते, असं असेल तर नेत्रिकेच्या नळीत एक जादा भिंग बसवलेलं आहे. स्वस्तातल्या अशा रचनेत चित्र पुसटच येतं. २० किंवा २५ मिमी नेत्रिकेवर समाधान माना. त्या दुर्बिणीतही चंद्र सुंदर दिसतो, मुलांना तिथूनच सुरुवात करून द्या. नळीची लांबी फोकल अंतराच्या जवळपास असेल, तर प्रवासात आरसे हललेले असण्याची शक्यता जास्त. एखादा ठळक तारा नजरेच्या मध्यावर आणून थोडा फोकसबाहेर काढा. तो प्रकाशाच्या कड्यांसारखा दिसेल, त्या कड्यांच्या मधोमध काळा ठिपका यायला हवा. तो एका बाजूला सरकला असेल तर मागच्या आरशाचे तीन स्क्रू पाव-पाव वळसा फिरवत, दर वेळी तारा पुन्हा मध्यावर आणून तपासा.

प्रश्न : दुर्बिणीसोबत नेत्रिकेवर लावायची ‘सन’ काच आली आहे. ती वापरू का? आणि पावसाळ्यात दुर्बीण कशी ठेवायची?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : ती काच आजच टाकून द्या, मुलांच्या हाती लागता कामा नये. तिच्यावर एकवटलेलं ऊन पडतं, ती तापून अचानक तडकते आणि क्षणात डोळा जातो. सूर्यासाठी फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, संपूर्ण तोंड झाकणाराच हवा. नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवरही झाकण ठेवा.

पावसाळ्यात बुरशी हा खरा शत्रू. भिंग आणि आरसा कोरडे झाल्यावरच झाकणं लावा. नेत्रिका घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. उघडीप मिळाली की दुर्बीण तासभर सावलीत हवेशीर ठेवा. आरशावर धूळ दिसली तरी कापडानं पुसू नका, त्यावरचा अॅल्युमिनियमचा थर ओरखडतो.