सलग दोन आठवडे एकच घटक चाललाय म्हणून वर्ग मागे पडला असं समजू नका

तुम्ही लिहिलंय की तिसरीतल्या मुलाच्या शाळेतून दर सोमवारी आठवड्याचं नियोजन येतं, त्यात लागोपाठ दुसऱ्यांदा ‘हातच्याची वजाबाकी’ आहे, आणि मुलाला विचारलं तर ‘काही नाही शिकवलं’ एवढंच उत्तर मिळतं. माझी बरीच वर्षं प्राथमिकच्या वर्गांवर गेली. त्या अनुभवावरून सांगते, बाई या घटकावर थांबल्या आहेत हे चांगलं लक्षण आहे.

नियोजनावरून त्या आठवड्यात काय शिकवलं जाणार ते कळतं. मुलाला काय आलं ते वहीत दिसतं. वही उघडा, पण बरोबरच्या खुणा मोजू नका, चुकलेली गणितं नीट बघा. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलंय का? या वयात ही चूक सर्रास दिसते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सरळ सातातून दोन वजा करतं आणि पाच मांडतं. यात निष्काळजीपणा नाही. ‘लहान संख्या मोठीतून काढायची’ हा पहिलीत लागू पडलेला नियम ते प्रामाणिकपणे पाळत असतं. म्हणून ‘लक्ष दे जरा’ म्हणून काही उपयोग होत नाही.

अशा वेळी काड्या घ्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातून सत्तावीस द्यायला सांगा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर मूल आपणहून गठ्ठ्याचं रबर काढतं. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. दोन गठ्ठे आणि सात सुट्या दिल्या की उरतात पंचवीस. जे हातांनी केलं तेच लगेच शेजारी वहीत मांडायला लावा. ही दोन कामं वेगवेगळ्या दिवशी झाली तर काड्यांचा खेळ आणि वहीतलं गणित यांचा संबंध मुलाच्या डोक्यात जुळत नाही.

खरी कसोटी ४०३ वजा १७८ सारख्या गणितात लागते. दशकाच्या घरात शून्य, म्हणजे शेजारी मागायला काहीच नाही. आधी शतक सोडवून दहा दशक करायचे, मग त्यातला एक सोडवून दहा सुटे. म्हणून मधल्या घरात नऊ उरतात. हे ‘नऊ का?’ ज्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं, त्याला २२५ हे उत्तर पाठ करावं लागत नाही. इथे दोन आठवडे गेले तर जाऊ द्या.

शिवाय आठवडा संपला म्हणून शिकणं संपत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वात जास्त असतो आणि मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा कमी कष्टात टिकते, हे त्यांना आढळलं. म्हणून या आठवड्याचा घटक पुढच्या आठवड्यात दोन-तीन गणितांपुरता आणि महिन्याने पुन्हा एकदा समोर यायला हवा. घरी एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. रोज पानभर वजाबाक्या नकोत.

भाषेचंही जवळपास असंच. नियोजनात ‘जोडाक्षरे’ दिसली की पालक लगेच श्रुतलेखन घेतात. त्याआधी मुलाकडून नवा परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या. दर शब्दाला अडखळत असेल तर अर्थाकडे लक्ष द्यायला त्याच्याकडे ताकदच उरत नाही.

राहिलं ‘काही नाही’ हे उत्तर. दिवसभराचा गोषवारा देणं आठ वर्षांच्या मुलाला जड जातं, त्यात लपवाछपवी नसते. प्रश्न छोटा करा: आज फळ्यावर कुठलं गणित होतं? कोणी वेगळ्या पद्धतीने सोडवलं का? मला सोडवून दाखवतोस? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण शिकवायला बसलं की मूल बोलतं आणि कुठे अडलंय तेही दिसतं.

वर्ग मागे पडतोय असं तरीही वाटत असेल तर बाईंना ‘पोर्शन कधी संपणार?’ विचारू नका. ‘शून्य आलं की हा अडखळतो, तुम्ही वर्गात कोणत्या पद्धतीने घेताय?’ असं विचारा, आणि घरी तीच पद्धत वापरा. घरची एक आणि शाळेची दुसरी झाली की मुलाची फार ओढाताण होते.