चार दिवसांच्या बाळाचा एमआरआय करावा का?

ताई, तुमच्या भाचीच्या चार दिवसांच्या बाळाच्या सोनोग्राफीत ‘मेंदूच्या जागी बहुतांश पाणी’ असे निदान आले असून, इंदूरच्या घरी आता ‘एमआरआय करून काय मिळणार’ असा सूर आहे, असे तुम्ही लिहिले आहे. याच शहरात तीस वर्षे लहान मुलांच्या अशा तपासण्या पाहिल्यामुळे मी आग्रहाने सांगते, की एमआरआय करावाच.

आजी तेल घालून जी टाळू भरतात, तीच सोनोग्राफीची खिडकी असते. मात्र तिच्यातून कवटीलगतची कड नीट दिसत नाही आणि इथे सारा निर्णय त्या कडेवरच ठरतो, कारण ‘मेंदूच्या जागी पाणी’ असे चित्र तीन वेगवेगळ्या आजारांत दिसू शकते. हायड्रॅनेन्सेफलीत मोठ्या मेंदूचे दोन्ही गोलार्ध, बहुधा गर्भातच रक्तपुरवठा तुटल्याने, जवळजवळ नाहीसे झालेले असतात. तीव्र हायड्रोसेफलसमध्ये मात्र मेंदू असतो, फक्त पाण्याच्या दाबाने कवटीला चिकटून अगदी पातळ झालेला असतो, आणि शंट, म्हणजे बारीक नळी, बसवून ते पाणी पोटात उतरवल्यावर तो थर पुन्हा जाड होऊ शकतो. होलोप्रोसेन्सेफलीत गर्भात मेंदूचे दोन अर्धे भाग नीट वेगळे झालेले नसतात; तिच्या सर्वांत गंभीर प्रकारात त्यांच्यामधला पडदाच नसतो व दोन्ही थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेले दोन गोळे, जोडलेले असतात. तसे दिसल्यास गुणसूत्रांचीही तपासणी करावी लागते.

बाळ दूध ओढते, रडते, म्हणून मेंदू ठीक असणार, असे आजींना वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ही कामे मेंदूच्या खोडातून चालतात आणि हायड्रॅनेन्सेफलीत ते बहुधा शाबूत असते. हे लिहिताना मला फार जड जाते, तरी खोटी आशा देणे मला पटत नाही. ग्रहण न पाळल्यामुळे असे झाले, हे बोलणे मात्र भाचीसमोर कोणीही काढू नये. त्यात काडीचे तथ्य नाही.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि एवढ्या लहान बाळाला बहुधा भूलही लागत नाही. तपासणीच्या थोडे आधी पोटभर पाजून, कानांवर आवाजरोधक लावून, दुपट्यात घट्ट गुंडाळले की ते झोपी जाते. त्यापूर्वी वाळे, करगोट्यातील चांदीचा मणी आणि लंगोटाची सेफ्टी पिन आठवणीने काढावी. अहवालासोबत चित्रांची सीडीही मागून घ्यावी, कारण मेंदूचे शल्यविशारद त्या थराची जाडी स्वतः पाहूनच शंटविषयी मत देतात.