वाचकांचे प्रश्न : ॲलेक्स पादिया आणि कॅलिफोर्नियाचे राजकारण

प्रश्न : कॅलिफोर्नियाचे ॲलेक्स पादिया आज वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, आहेत. त्यांचे आईवडील मेक्सिकोतून आले. वडील उपाहारगृहात स्वयंपाकी होते आणि आई लोकांच्या घरी साफसफाईची कामे करीत असे, असे वाचनात आले. गरिबीतून वर आलेल्या एका हुशार मुलाची ही कहाणी आहे, की त्यामागे आणखीही काही आहे?

उत्तर : हुशारी आणि कष्ट यांचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पादिया यांचा जन्म १९७३ चा. लॉस एंजेलिसच्या सान फर्नांडो खोऱ्यातील पकोयमा या कामगारवस्तीत ते वाढले, १९९४ मध्ये एमआयटीतून (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी परतले आणि ह्यूज एअरक्राफ्ट या विमान व संरक्षण उद्योगातील कंपनीत नोकरीला लागले. गोष्ट एवढीच असती, तर ती एका यशस्वी अभियंत्याची झाली असती. ते राजकारणात का आले आणि आल्यावर त्यांना जागा कशी मिळाली, याचे उत्तर मात्र त्या काळच्या कायद्यांत शोधावे लागते.

त्याच १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे ‘प्रस्ताव १८७’ आला. कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि तातडीच्या उपचारांखेरीजची सरकारी आरोग्यसेवा बंद करावी, तसेच शाळांनी आणि दवाखान्यांनी संशयितांची माहिती सरकारला कळवावी, असा त्याचा आशय होता. गव्हर्नर पीट विल्सन यांनी आपल्या फेरनिवडणुकीचा प्रचार या मुद्द्याभोवती उभा केला आणि प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी संमत झाला. न्यायालयाने त्याच्या बहुतेक तरतुदींची अंमलबजावणी रोखली, त्यामुळे तो प्रत्यक्षात फारसा लागू झालाच नाही. परंतु लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, वस्त्यांमध्ये जो संदेश जायचा, तो गेलाच. आपण नोकरी सोडून राजकारणाकडे वळलो ते या प्रस्तावामुळे, असे पादिया सांगत आले आहेत.

आता याला जोडून एक योगायोग पाहा, ज्याचा उल्लेख अशा चरित्रकथांमध्ये सहसा होत नाही. १९८६ च्या संघीय कायद्याने देशभरातील सुमारे २७ लाख स्थलांतरितांना कायदेशीर वास्तव्य मिळाले होते आणि त्यांत मेक्सिकोतून आलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. म्हणजे ही मंडळी नागरिकत्वाला पात्र ठरू लागली ती नेमकी १९९४ च्या आसपास. एरवी अनेकांनी अर्ज करण्याचा कंटाळा केला असता, पण प्रस्ताव १८७ ने तो कंटाळा घालवला. विल्सन निवडणूक जिंकले खरे, पण आपल्या रिपब्लिकन पक्षाच्या विरोधात एक नवा मतदारवर्ग उभा करून. डेमोक्रॅटिक पक्षाच्या पादिया यांची कारकीर्द त्या लाटेवर उभी आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात त्यांनी इतरांच्या प्रचारापासून केली. १९९६ मध्ये टोनी कार्देनास यांना राज्याच्या असेंब्लीत (कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात) निवडून आणण्यासाठी ते राबले. १९९९ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते स्वतः लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेवर निवडून आले आणि दोनच वर्षांत तिचे अध्यक्ष झाले. ११ सप्टेंबर २००१ रोजी महापौर जेम्स हान वॉशिंग्टनला गेलेले होते आणि विमानसेवा बंद पडली होती. त्यामुळे एवढ्या मोठ्या शहराचा कारभार त्या दिवशी अठ्ठावीस वर्षांच्या प्रभारी महापौरांच्या हाती आला.

प्रश्न : २००६ मध्ये ते राज्याच्या सिनेटवर (कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर) निवडून गेले आणि आठ वर्षांनी बाहेर पडले. त्यांचा पराभव झाला का? तेथे त्यांनी केले काय?

उत्तर : पराभव झाला नाही, कायद्याने मुदत संपली. १९९० च्या ‘प्रस्ताव १४०’ ने असेंब्लीत सहा वर्षे आणि सिनेटमध्ये आठ वर्षे अशी आयुष्यभराची मर्यादा घातली होती. (२०१२ मध्ये हा नियम बदलला, पण नव्याने निवडून येणाऱ्यांपुरता.) या मर्यादेमुळे अनुभवी माणसे घरी बसतात, ही तक्रार रास्त आहे, मात्र वर्षानुवर्षे अडलेल्या जागा या मर्यादेमुळेच मोकळ्या झाल्या आणि लॅटिनो उमेदवारांना त्याचा मोठा लाभ झाला. त्याच नियमाने पादिया यांनाही पुढचे पद शोधायला लावले, हे ओघानेच आले.

त्यांच्या कामांपैकी सर्वाधिक गाजला तो प्लास्टिक पिशव्यांचा कायदा. २०१३ मधील त्यांचे विधेयक थोडक्या मतांनी पडले. पुढच्या वर्षी त्यांनी नवे विधेयक आणले, त्यात किराणा दुकानांना कागदी किंवा पुन्हा वापरता येणाऱ्या पिशवीसाठी किमान १० सेंट घेणे बंधनकारक केले आणि ते पैसे दुकानदारांकडेच राहू दिले. त्यामुळे किराणा व्यवसाय विधेयकाच्या बाजूने आला. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ३० सप्टेंबर २०१४ रोजी स्वाक्षरी केली. पिशवी उत्पादकांनी सह्या गोळा करून सार्वमत मागितले आणि २०१६ मध्ये मतदारांनी कायदा राखला. त्यात एक पळवाट मात्र राहिली होती: जाड प्लास्टिकची पिशवी ‘पुन्हा वापरता येणारी’ म्हणून चालत असे. ती बंद करण्यासाठी २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तडजोडीने संमत झालेल्या कायद्याचे असे व्हायचेच. तरीही काहीच न होण्यापेक्षा ते बरे, असे मी म्हणेन.

प्रश्न : त्यानंतर ते कॅलिफोर्नियाचे ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ झाले. अमेरिकेच्या केंद्र सरकारात तर हे परराष्ट्रमंत्र्याचे पद असते. एखाद्या राज्याला परराष्ट्र खाते कसे असू शकते?

उत्तर : ते नसतेच. राज्यातील हे पद मुख्यतः निवडणुका आणि व्यवसायांच्या नोंदणीचे असते, आणि कॅलिफोर्नियात त्यासाठी थेट निवडणूक होते. पादिया जानेवारी २०१५ पासून या पदावर होते. २०१७ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी मतदानातील कथित गैरप्रकारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मतदारांची माहिती मागितली, तेव्हा त्यांनी ती देण्यास नकार दिला. २०२० च्या महासाथीत राज्यातील सर्व सक्रिय नोंदणीकृत मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठवण्यात आल्या.

कमला हॅरिस उपाध्यक्ष झाल्याने रिकामी झालेली जागा गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी पादिया यांना दिली आणि २० जानेवारी २०२१ रोजी ते सिनेटमधील कॅलिफोर्नियाचे पहिले लॅटिनो प्रतिनिधी ठरले. ही नेमणूक होती, निवडणूक नव्हे, हा आक्षेप तेव्हा खरा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतपत्रिकेवर त्यांचे नाव दोन ठिकाणी होते, हॅरिस यांच्या मुदतीतील उरलेल्या काही आठवड्यांसाठी आणि पुढील सहा वर्षांसाठी. मतदारांनी त्यांना दोन्ही ठिकाणी निवडून दिले.