एकच द्राक्ष, तीन देश

वाइन चाखायला शिकताना पहिल्याच महिन्यात पाच निरनिराळ्या जातींच्या द्राक्षांच्या वाइन चाखण्याचा तुमचा बेत आहे. मी मात्र देश बदलून द्राक्ष एकच ठेवण्याचा आग्रह धरीन, आणि ते द्राक्ष शेनिन ब्लाँ हे पांढऱ्या वाइनचे द्राक्ष असावे. त्याचे मूळ घर फ्रान्समधील लुआर नदीचे खोरे. दक्षिण आफ्रिकेत ते ‘स्टीन’ या नावानेही ओळखले जाते, आणि आपल्या नाशिकच्या मळ्यांतही ते चांगले रुजले आहे. लुआरची बाटली घेताना लेबलवर ‘सेक’, म्हणजे कोरडी, गोडवा नसलेली, असे लिहिलेले पाहून घ्या. ‘द्मी-सेक’ गोडसर असते आणि तुलना फसते.

तिन्ही बाटल्या साधारण ८ ते १० अंश सेल्सिअसला आणाव्यात. फ्रिजमधून काढल्या काढल्या वाइन इतकी गार असते की तिचा वास दबलेला राहतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटे थांबा. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती पेल्यात झपाट्याने तापते, तेव्हा पेला एकतृतीयांशच भरा आणि दांडीला धरा.

घोट लगेच गिळू नका. गिळल्यानंतर जिभेच्या कडांना किती पाणी सुटते, याकडे लक्ष द्या, कारण आम्लता त्यावरून कळते आणि शेनिनचा सारा कणा आम्लतेत आहे. नाशिकच्या पेल्यात मला बहुधा पेरू आणि अननस जाणवतो; लुआरच्या पेल्यात मध आणि कधीकधी ओल्या लोकरीसारखा वास येतो, जो पहिल्यांदा खटकला तरी दोष समजू नये. सोबत गरम कोथिंबीर वडी ठेवून पाहा.